कोटाची चार बटणं

दुकानाचं शटर वर करायच्या आधी शिंपीबाबा रोज आपल्या कोटाचं एकेक बटण चिमटीत धरून ओढून पाहत. चार बटणं, चार हलके झटके. "शिंप्याचाच कोट ढिला असला तर गिऱ्हाईक कशाला येईल?" असं म्हणत मग कुलूप काढत. मागे उभी असलेली त्यांची मुलगी मनात म्हणे, झाली यांची प्रार्थना.

थंडीच्या तोंडावर चर्चमधून जुन्या कपड्यांची गाठोडी दुकानात येत. ते कपडे नीट करून द्यायचे आणि रविवारी रस्त्यावर झोपणाऱ्यांना वाटायचे. बाबा तीस वर्षं हे काम विनामोबदला करत होते. रफू त्यांच्याकडे, गाठोडी सोडणं, बटणं बघणं आणि घड्या घालणं मुलीकडे. एखाद्या कोटाला शिंगाची चांगली बटणं दिसली की मुलगी ती गुपचूप कापून आपल्या बटणांच्या डब्यात टाकायची. अंगावर काही नाही त्याला कोट मिळतोय हे काय कमी आहे, असं तिचं म्हणणं. अर्थात मनातल्या मनात. बाबा मात्र कौतुकानं म्हणत, "बायबलातल्या त्या विधवेचं पिठाचं मडकंच आहे गं तुझा डबा. कधी रिता होत नाही." ती मान खाली घालून हसायची.

एका सकाळी चर्चच्या पायऱ्यांवर झोपणारा म्हातारा दारात आला. रविवारी वाटपात मिळालेला कोट एका हातानं छातीशी आवळून धरलेला.

"मास्तर, एखादी सुतळी मिळेल का? हात मोकळा होईल जरा."

बाबांनी चष्मा चढवून कोटाची कड उजेडात धरली. ओढून तुटलेलं बटण कापडाचा लचका घेऊन जातं. इथे कापड शाबूत होतं. दोऱ्याची टोकं साफ कापलेली, डावीकडून तिरपी. डावऱ्या हाताची कात्री गल्लीत एकच होती, आणि ती त्यांनीच लेकीला लहानपणी आणून दिली होती.

आता बोलतील, असं तिला वाटलं. बोलले असते तर भांडता तरी आलं असतं.

"बसा," ते म्हाताऱ्याला म्हणाले. "चूक आमच्या दुकानाची आहे."

"फुकटच्या कोटात कसली आलीय चूक, मास्तर?"

तिच्याच मनातली गोष्ट तो इतक्या साधेपणानं बोलला, की तिला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. तिनं डबा पुढे सरकवला. बाबांनी तो हलकेच बाजूला केला, आपला कोट उतरवला, त्याची चारही बटणं कापली आणि म्हाताऱ्याच्या कोटाला लावून दिली.

त्यानंतर दर रविवारी ती डबा घेऊन वाटपाच्या रांगेशेजारी बटणं लावत बसू लागली. वर बघायची हिंमत होत नसे. समोर येणाऱ्या कोटांच्या कडा तेवढ्या दिसत.

"तुमच्या कोटाला लावू का, बाबा?" तिनं एकदा विचारलं.

"आधी ती रांग संपू दे."

दोन हिवाळे कोट उघडाच राहिला. सकाळी त्यांची चिमूट सवयीनं तिथे जाई आणि रिकामी परत येई. ती तेव्हा कुलपाकडे बघत राही.

मग त्यांनी अंथरूण धरलं. शेवटच्या दुपारी ती न विचारताच त्यांचा कोट मांडीवर घेऊन उशाशी बसली. डब्यात मोजून चारच बटणं उरली होती, एकही जोडीचं नव्हतं. ती सुई ओवत असताना बाबांनी डोळे उघडून तिच्या हाताकडे पाहिलं.

"दोरा जरा लांब घे गं," ते म्हणाले. "तुला नेहमीच कमी पडतो."