पक्षी बघायची दुर्बीण

रायफल माझ्याकडे नव्हती. तरी तिच्यावर लावायची दुर्बीण निवडण्यात मी चार महिने घालवले.

वयाच्या एकावन्नाव्या वर्षी हे सुचलं त्याला कारण आमच्या गोदामातला देखभालीचा माणूस. कॅनडात, मिसिसागातल्या विमानतळाच्या मागे आमचं गोदाम आहे. मी तिथे काँप्युटरवर बसून कुठली पेटी कुठे जाणार ते ठरवतो आणि तो त्या पेट्या वाहणारे पट्टे दुरुस्त करतो. उत्तरेला दोन तासांवर त्याची शेती आहे, मेंढ्या आहेत आणि त्या मेंढ्या पळवणारे कायोटी आहेत. कायोटी म्हणजे आपल्या कोल्ह्याचा थोराड चुलतभाऊ. एकदा कॉफी घेताना तो म्हणाला, "रात्रीचे येतात साले. तू पण ये एकदा." आमंत्रण म्हणावं असं त्यात काही नव्हतं. इथे लोक "एकदा जेवायला या" जसं म्हणतात आणि पत्ता देत नाहीत, त्यातलंच ते. पण मी ते मनावर घेतलं. वीस वर्षं या देशात राहून मला एकाही गोऱ्या माणसाने मेंढ्या राखायला बोलावलं नव्हतं.

आधी कोर्स करून बंदुकीचं लायसन्स काढलं. त्याच्या अर्जावर नवऱ्याची किंवा बायकोची सही मागतात. बायकोने सही केली आणि पेन माझ्यासमोर आपटलं. "मागच्या वर्षी पिझ्झा भाजायचा दगड आणलास. त्याच्या आधी ट्रेडमिल. पुढच्या वर्षी घोडा आणणार का?"

मी म्हणालो, "नुसतं लायसन्स गं. किचनचं काम होईपर्यंत वस्तू काही घेणार नाही."

हे पहिलं खोटं. तेव्हा माझ्या लॅपटॉपवर बावीस दुर्बिणींचं एक्सेल तयार होतं.

त्या एक्सेलबद्दल मला लाज वाटायला हवी, पण अजूनही थोडा अभिमानच वाटतो. उष्णता दाखवणाऱ्या दुर्बिणी एकीकडे. त्यांतून कोल्हा भट्टीतल्या निखाऱ्यासारखा दिसतो म्हणे, पण किमती अशा की त्यात कोल्ह्यासकट शेत यावं. दुसरीकडे अंधारात बघणाऱ्या डिजिटल दुर्बिणी. त्या गरिबांसाठी. बॅटरी किती तास, वजन किती, पावसात चालते का, थंडीत पडदा गोठतो का, असे सगळे रकाने केले. एका रकान्यात 'एकंदर समाधान' असं लिहून दहापैकी गुणही दिले होते. समाधान कसलं? यांतली एकही मी हातात धरली नव्हती. गोळी कुठे लागते हा रकाना नव्हता, कारण गोळी नव्हती. आपली माणसं मिक्सर घेतानासुद्धा असंच करतात, पण मिक्सर घेणाऱ्याच्या घरी निदान चटणी तरी होत असते.

बजेट सहाशे डॉलर. पसंत पडलेली दुर्बीण कॅनडात त्याच्या बरीच वर जात होती. अमेरिकेत तीच सेलमध्ये होती, आणि चलनातला फरक धरूनही दोनशे ऐंशी वाचत होते. तिकडून ती कंपनी कॅनडात पाठवत नव्हती. का पाठवत नाही, असा प्रश्न शहाण्या माणसाला पडला असता. मला वेगळा प्रश्न पडला: तिकडून कोण येतंय?

आपल्यात ही पद्धतच आहे. कुणी कुठून कुठेही निघालं की चार जण विचारतात, "येताना जरा एक आणशील का?" हळद, कुकरची शिट्टी, कुणाच्या तरी गुडघ्याचा पट्टा. ज्याला यायचं असतं त्याची बॅग त्याची नसतेच, ती सगळ्या नातलगांच्या मालकीची असते. नाही म्हटलं तर माणूस अमेरिकेत जाऊन बदलला.

माझी भाची न्यू जर्सीत नोकरी करते. ताईची एकुलती एक. सहा वर्षं ग्रीन कार्डाच्या रांगेत उभी आहे. या रांगेतल्या मुली सिग्नल पिवळा दिसला की गाडी थांबवतात आणि कुठल्याही फॉर्मवर टिंब खोटं लिहीत नाहीत. लाँग वीकेंडला ती गाडी घेऊन आमच्याकडे येणार होती. मी फोन केला.

"बेटा, तुझ्या पत्त्यावर एक छोटं पार्सल मागवू का? येताना घेऊन ये."

"काय आहे मामा?"

"दुर्बीण."

"कशाला?"

मी एक क्षणही थांबलो नाही. आजही मला आठवतो तो न थांबलेला क्षण. "पक्षी बघायला."

"अरे वा! मामा, फायनली एक चांगला छंद!" ती खूश झाली. मलासुद्धा बरं वाटलं. इतकं की त्या संध्याकाळी मी खिडकीतून एका चिमणीकडे बराच वेळ पाहिलं.

ती यायच्या शुक्रवारी संध्याकाळच्या कॉफीच्या सुट्टीत मी देखभालवाल्याला माझं एक्सेल दाखवलं. त्याने सँडविच खाली ठेवलं आणि सगळे रकाने वाचले. मग हसला. तोंडातला घास सांभाळत, टेबल धरून हसला.

"तू रात्री मारणार?"

"ते रात्रीचे येतात म्हणालास ना?"

"येतात ते. आपण नाही जात. सूर्य मावळल्यावर अर्ध्या तासाने इथे बंदूक पेटीत ठेवावी लागते. कोर्समध्ये झोपला होतास?"

झोपलो नव्हतो. त्या धड्याच्या वेळी फोनवर दुर्बिणींचे व्हिडिओ बघत होतो. तरी मी हसलो आणि म्हणालो, "असो. स्वस्तात मिळाली. आज भाची सरहद्दीच्या पुलावरून घेऊन येतेय."

त्याचं हसू गेलं. "अमेरिकेतून? बंदुकीची दुर्बीण? बाहेर न्यायला परवाना लागतो तिकडे. आणि या बाजूचा अधिकारी तिला विचारेल, शस्त्राचं काही आहे का. काय सांगणार ती?"

ती काय सांगणार होती ते मला तोंडपाठ होतं. पक्षी बघायची दुर्बीण.

इथे मला एक गोष्ट कबूल करायची आहे, आणि ती करण्यासाठीच हे लिहितोय. त्या क्षणी माझ्या मनात पहिल्यांदा भाची आली नाही. पहिल्यांदा आलं, परत करायची मुदत तीस दिवसांची आहे की पंधरा? भाची त्यानंतर आली. तिचा व्हिसा, तिच्या नावावर लागणारी खोट्याची नोंद, सहा वर्षांची रांग, हे सगळं आलं, पण दुसऱ्या नंबरवर.

मी पार्किंगमध्ये गेलो आणि फोन लावला. उचलला नाही. गाडी चालवताना ती फोन घेत नाही. मेसेज केला, त्यातही शहाणपणा केला. फोन तपासला तर पुरावा नको म्हणून लिहिलं, "ती वस्तू पुलाच्या आधी कुठेतरी ठेव. नंतर सांगतो." तस्कर असे मेसेज करत असतील. नीट वाचला असता तर अधिकाऱ्याने तिला त्या मेसेजवरच उतरवलं असतं.

चाळीस मिनिटांनी उत्तर आलं, "कुठली वस्तू? मामीची पैठणी?" पाठोपाठ तिचाच फोन.

"मामा, मी पेट्रोल भरायला थांबलेय. पूल अर्ध्या तासावर आहे. काय झालं?"

"ते पार्सल."

"दुर्बीण?"

"हो. ती... दुर्बीणच आहे. बंदुकीवर लावायची."

पलीकडे पंपाचा टकटक आवाज येत होता. तो थांबला.

"तू पक्षी म्हणालास."

"हो."

"मी ऑफिसरला पक्षी सांगणार होते मामा. मी रस्त्यात प्रॅक्टिस केली होती. माय अंकल लाइक्स बर्ड्स." मग गाडीचं दार उघडल्याचा आवाज, पुठ्ठा फाटल्याचा आवाज. "यावर चित्र आहे रे. रायफलचं चित्र आहे. मी उघडलंच नाही, तुझं पार्सल म्हणून." मग तिने विचारलं, "किती वाचत होते?"

"दोनशे ऐंशी."

"माझा व्हिसा स्वस्तात विकायला काढलास."

मी म्हणालो, फेकून दे, कचऱ्यात टाक. ती म्हणाली, "बंदुकीची वस्तू पेट्रोल पंपावरच्या कचऱ्यात? कॅमेऱ्यासमोर?" तिने मागे वळून जवळच्या गावात कुरियरचं दुकान शोधलं, रांगेत उभं राहून ते पार्सल कंपनीला परत पाठवलं, पावती जपून ठेवली आणि मग पूल ओलांडला. पुलावर तिला कुणी काही विचारलं नाही. दोन मिनिटांत सोडलं.

आठ वाजता यायची ती साडेदहाला आली. बायकोने पुन्हा सगळं गरम केलं. वाढताना विचारलं, "एवढा उशीर कसा गं झाला?"

भाचीने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, नुसतं पाहिलं आणि थांबली. ती जागा तिने माझ्यासाठी मोकळी ठेवली होती.

मी म्हणालो, "शुक्रवारी पुलावर गर्दी असते."

ती ताटाकडे बघून म्हणाली, "हो मामी. खूप होती." वर्षानुवर्षं कुठल्याही फॉर्मवर खोटं न लिहिलेली मुलगी. मी भातावर तूप वाढून घेतलं.

तीन दिवस ती नेहमीसारखी राहिली. मामीबरोबर बाजारात गेली, तळ्यावर गेली. तिथे बदकं होती. त्यांच्याबद्दल माझ्यापाशी एक शब्द काढला नाही.

सोमवारी सकाळी निघताना बायकोने नेहमीप्रमाणे डिकी भरायला घेतली. बेसनाचे लाडू, लिंबाचं लोणचं, मेतकूट, आणि न्यू जर्सीतल्या एका ओळखीच्या बाईंसाठी पुडकं. भाचीने पहिला डबा हातात घेतला आणि झाकण काढलं. पाहिलं. दुसरा उघडला, चमच्याने खालपर्यंत ढवळून पाहिलं. पुडक्याची दोरी सोडली, आतला कागद उलगडला, आत गोड्या मसाल्याची काळी पिशवी होती, तिचाही वास घेतला.

"अगं, विष नाही घातलंय!" बायको हसत म्हणाली.

"माहितेय मामी. फक्त बघून ठेवते. विचारलं तर सांगता यायला हवं."

मी तिथेच उभा होतो. ती एकेक डबा उघडत होती आणि मी झाकणं लावत होतो. एकूण अकरा डबे झाले. मग ती मामीच्या गळ्यात पडली, मला वाकून नमस्कार केला आणि गेली.

गाडी वळणापलीकडे गेल्यावर बायकोने विचारलं, "हिला काय झालंय?"

मी म्हणालो, "आत चल. सांगतो."