आखाजीच्या आधीची घागर

माझं माहेर दिंडोरीकडचं. तिथं उन्हाळा म्हणजे दुपारी घटकाभर आडवं व्हायचं, एवढंच. लग्नानंतरचा पहिला उन्हाळा माहेरपणातच गेला. दुसऱ्या वर्षी चैत्र उजाडला तो सासरी, शहाद्याकडच्या तापीकाठच्या गावात, आणि ही माणसं इथं राहतात तरी कशाला, असा प्रश्न मला पडला. न्याहारीच्या वेळेलाच अंगण पायाला चटके देई. त्यात मला सातवा महिना लागलेला. भाऊ मला न्यायला येणार होता, पण आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाल्यावर. सासरे कार्तिकात तापानं गेले होते. त्यांची पहिली आखाजी सुनेनं सोडून जायची नाही, असं ठरलं होतं.

सासूबाईंना उन्हाळ्याचं काहीच वाटत नसे. त्या म्हणायच्या, "उन्हाळाले पैसा नही लागस माय, पहाट लागस." आणि खरंच, तांबडं फुटायच्या आत आमच्या भाकरी थापून व्हायच्या आणि नदीच्या वाळूत खणलेल्या झिऱ्याचं पाणी भरून व्हायचं. ऊन चढलं की मावळतीचं दार बंद, त्यावर ओलं पोतं. ताक घरचंच, त्यात जिरं आणि मीठ. बाहेर जायचं तर कमरेला कांदा खोचायचा. संध्याकाळी धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, पाणी शिंपडून अंथरुणं टाकायची. मग खाली दिवा लावायलाच नको, तेवढंच रॉकेल वाचलं. पेठेतल्या मारवाड्याच्या दुकानात गुलाबाच्या सरबताच्या बाटल्या असत. मी एकदा त्यांचं नाव काढलं तर सासूबाई अशा हसल्या, जणू मी वारा विकत आणायला सांगितला होता.

सगळं होतं, पण पाणी गार नव्हतं. मागच्या सालचा माठ. एक उन्हाळा झाला की माठाची छिद्रं बुजतात, तो पाझरत नाही आणि पाझरला नाही की गारही करत नाही. त्यातलं पाणी कोमट, शेवाळल्या वासाचं. नवी घागर घरात होती. सासूबाईंनी ती कुंभाराकडं बसून, बोटानं वाजवून वाजवून निवडली होती आणि पायलीभर ज्वारी मोजून आणली होती. कोपऱ्यात, कडब्यावर, तोंड खाली करून ती ठेवलेली. तिला हात लावायचा नव्हता. वर्षात माणूस गेलेलं असलं की आखाजीला त्याच्या नावाची कोरी घागर भरतात. ती भरेपर्यंत तो जीव तहानलेला असतो, असं तिकडं मानतात. तोवर घरातलंही कुणी नव्या घागरीतलं पाणी पीत नाही.

या घागरीत सासूबाईंचा जीव का अडकला होता, ते मला शेजारणीकडून कळलं. सासरे तापात असताना वैद्यानं पाणी तोडलं होतं. ते मागत राहिले आणि सासूबाई ओल्या फडक्यानं ओठ टिपत राहिल्या. तसेच ते गेले. त्यांना पोटभर गार पाणी पाजायचं, एवढी एकच गोष्ट सासूबाईंना आता करायची राहिली होती. हे कळल्यावर मी त्या कोपऱ्याकडं बघायचंसुद्धा सोडलं.

आखाजीला आठवडाभर राहिला असेल, तेव्हा मला ऊन लागलं. अंग तव्यासारखं तापलं, काही पोटात ठरेना. कैरीचं पन्हं उलटलं, ताक उलटलं, कोमट पाणी तर तोंडाजवळ आणलं तरी ढवळून येई. दुसऱ्या दिवशी पोटातली हालचाल मंदावली. मी फार घाबरले. आईची आठवण येऊन रडत होते आणि डोळ्यांतून पाणी मात्र येत नव्हतं. तापाच्या भरात म्हणाले, "आई, घोटभर गार पाणी."

सासूबाईंचा माझ्या कपाळावरचा हात थांबला. मग त्या उठल्या, कोपऱ्यातली घागर उचलली, धुतली आणि झिऱ्याच्या पाण्यानं काठोकाठ भरून खिडकीतल्या वाऱ्यावर ठेवली.

सासऱ्यांची बहीण आखाजीसाठी आधीच येऊन राहिली होती. ती ओरडलीच, "वं वहिनी, हाई काय करी ऱ्हायनी तू? भाऊनी घागर शे ती!"

सासूबाई घागरीवर ओलं फडकं गुंडाळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाल्या, "तुना भाऊ आखाजीलगून वाट देखी लेतीन. हाऊ पोटमातला जीव कसा देखी?"

दिवस कलताना त्यांनी मला मांडीवर टेकवून पहिला घोट पाजला. नव्या मातीचा वास आणि दातांना लागेल इतका गारवा. तो घोट पोटात राहिला. मग दुसरा. "पी ले माय, घोट घोट पी," एवढंच त्या म्हणत होत्या. धाब्यावर अंथरुणं पडेपर्यंत पोटात एक लाथ बसली. मी त्यांचा हात ओढून तिथं ठेवला. आत्याबाई तोंड फुगवून बसल्या होत्या, त्यांनीही मुकाट्यानं जवळ येऊन हात ठेवला.

मी उठून बसायला लागले तेव्हा सासूबाई कुंभाराकडं गेल्या, पण सणाच्या तोंडावर त्याच्याकडं एक घागर शिल्लक असेल तर शपथ. शेजारच्या गावातही नाही. आखाजीच्या सकाळी भाऊबंद जमले, आंबे आले, खरबूज आलं आणि सासूबाईंनी सगळ्यांसमोर तीच घागर आणून मांडली. तिला कुंकवाची बोटं ओढली. कुणीतरी कुजबुजलं. त्यांनी लक्ष दिलं नाही. पदर पुढं ओढून, सासरे समोर जेवायला बसले असावेत अशा आवाजात त्या घागरीशी बोलल्या, "कोरी नही शे हो. आधी तुमनी सून पेयेल शे. तुमले चाली ना?"

 मला हुंदका आवरला नाही.

आषाढात मुलगी झाली. आज तीच माझं सगळं करते. घरात आता फ्रीज आहे, तरी फाल्गुनातच ती मला नवा माठ आणून देते. मी तिला सांगून ठेवलं आहे: मी गेल्यावर आखाजीला माझ्या नावाची घागर भरशील, तेव्हा ती कोरी आणू नकोस. आधी घरातल्या कुणाला तरी तिच्यातलं पोटभर पिऊ दे. मी थांबेन.