मणापासूण

नाटक मी लिहिलं होतं, हे आधीच सांगून टाकते. नंतर पुष्कळ जणांनी दोष पुष्कळ जणांवर ढकलला, पण कागदावरचं अक्षर माझं होतं.

ऐंशीनंतरच्या पाच-सहा वर्षांतली गोष्ट. मी बेलापूरला एका सरकारी कचेरीत क्लार्क होते आणि क्वार्टर मिळेपर्यंत शिरवण्यात एका घराची मागची खोली घेऊन राहत होते. घर माझ्याच वयाच्या एका बाईचं. त्यांची भाताची जमीन गेली, तिथं कारखाने आले, आणि ही त्यातल्याच एका औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला लागली. दिवसभर पट्ट्यापुढे उभं राहून बाटल्या खोक्यात भरायच्या. संध्याकाळी परत आली की आधी माझ्या दारात. "काय गो, चा झाला का?" असं विचारायची आणि उत्तराची वाट न बघता आत येऊन बसायची.

पहिल्या दिवसापासून तिनं मला 'तू' म्हटलं. ऑफिसात मी 'मॅडम', गल्लीत मी 'त्या भाडेकरू बाई'. त्या अख्ख्या नव्या शहरात मला 'तू' म्हणणारं माणूस एवढं एकच होतं.

बोलायला लागली की पोट धरून हसावं. तिच्या कारखान्यात पट्ट्यावर बोलायला बंदी होती. बोललं की बाटल्या फुटतात म्हणे! मग या बायांनी हातांची भाषा काढलेली. नाकाला बोट लावलं की सुपरवायझर येतोय, पदर झटकला की सासूनं डोकं खाल्लं. तोंडातून शब्द न काढता भांडणं व्हायची, भांडण मिटायचंही तसंच. ती मला करून दाखवायची आणि माझ्या हातातला चहा सांडायचा. एक दिवस वाटलं, अगं बाई, हे तर नाटक आहे. आमच्या ऑफिसात हौशी मंडळींचा गट होताच. चार रविवार बसून मी लिहून काढलं.

नाटकात बायका चार आणि ऑफिसात स्टेजवर यायला तयार बायका तीन, त्याही मला धरून. चौथी म्हणून मी हिचं नाव सुचवलं. दिग्दर्शक होते आमच्या शाखेतले एक वरिष्ठ. स्वतःला फार मोठे समजायचे. तिला एकदा बोलताना ऐकलं आणि म्हणाले, "अहो, हिला काही शिकवूच नका. आहे तशी उभी करा."

तिला विचारलं तेव्हा ती आधी लाजली, मग दचकली. "मी? नाटकान?" आणि मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, "करीन. पन मना नीट बोलाचा हाय गो. रेडिओवरच्या बायांसारखा. माजे पोरीनं ऐकाला पायजे."

त्यामागची गोष्ट मला ठाऊक होती, तिनंच सांगितलेली. चौथीत असताना वर्गात धडा वाचताना 'राणी'ला 'रानी' म्हणाली. मास्तरांनी उभं करून तोच शब्द इतक्या वेळा म्हणायला लावला की वर्ग हसून लोळला. घरी येऊन पाटी फळीवर ठेवली ती ठेवलीच. आता तिची मुलगी त्याच शाळेत तिसरीला होती आणि आईचे शब्द दुरुस्त करायला शिकली होती.

हे मला कळायला नको होतं का? मी स्वतः मराठवाड्यातली. नोकरीच्या पहिल्या महिन्यात फोनवर कुणाला तरी म्हणाले, "साहेब जेवायलेत." झालं! पुढं महिनाभर अख्खी शाखा मला "काय करायलीत बाई?" करत होती. मी बाथरूममध्ये जाऊन रडले आणि मग जीभ अशी घासली, अशी घासली, की गावी आईला पत्र लिहितानासुद्धा पुस्तकातली भाषा यायला लागली. हे मी तिला कधी सांगितलं नाही. माझी बोली तिनं कधी ऐकलीच नव्हती.

तर मी तिला शिकवायला बसले. रोज संध्याकाळी, माझ्या खोलीत. तिच्या कानाला ण आणि न एकच. जीभ टाळ्याला कशी लावायची ते मी दाखवलं, तिनं मान तुकवून तुकवून केलं, आणि एका संध्याकाळी तो ण तिला सापडला. सापडला तो असा की कुठं टाकू आणि कुठं नको! "णळाला पाणी णाही!" ती दारातून ओरडत आली. मी हसून हसून खाली बसले. तीही हसली. तिला वाटलं, आपल्याला जमलं म्हणून ही हसते.

तिथंच मी तिला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. उलट दुसऱ्या दिवशी नाटकात एक प्रवेश वाढवला. बोलताना पकडली गेलेली बाई मालकापुढं माफी मागायला उभी राहते आणि शुद्ध बोलायला जाते. "णमस्कार मालक. मी मणापासूण माफी मागते. माझ्या माणेवर सुरी ठेवा, पण मी बोलले णाही."

तालमीत बाकीचे पदर आणि रुमाल तोंडात कोंबून बसायचे. दिग्दर्शकांनी मला बाजूला घेतलं. "तिला सांगू नका हां. कळलं की अभिनय करायला लागेल आणि मजा जाईल." मी मान डोलावली. लेखिका झाले होते ना! पहिला मोठा हशा माझ्या नावावर जमा होणार होता आणि तो मला सोडवत नव्हता.

तिला ती पानं वाचायला जड जायची, म्हणून मी म्हणून दाखवायची आणि ती पाठ करायची. म्हणजे ते चुकलेले ण मीच तिच्या तोंडात घातले, एकेक करून. प्रत्येक वाक्यानंतर ती विचारायची, "बरोबर हाय ना?" आणि मी म्हणायची, "एकदम बरोबर."

प्रयोग नेरुळला एका शाळेच्या पटांगणात मंडप घालून झाला, दिवेलागणीला. मागं खुर्च्यांवर ऑफिसची मंडळी, पुढं सतरंजीवर शिरवण्याच्या बाया. पॅकिंगवाल्या सगळ्या, सासू, आणि मधोमध दोन वेण्या घातलेली तिची मुलगी. हातवाऱ्यांच्या भांडणाला पुढच्या बायांनी अशा टाळ्या पिटल्या की माझ्या अंगावर काटा आला. तिथं थांबलं असतं तर किती बरं झालं असतं.

माफीचा प्रवेश आला. तिनं साडीचा पदर नीट केला, सरळ उभी राहिली, थेट मुलीकडं बघितलं आणि म्हणाली, "णमस्कार मालक."

मागं खुर्च्यांवर हशा फुटला. 'मणापासूण'ला तर लोक उठून उभे राहिले. पुढं सतरंजीवर मात्र बाया गप्प. त्यांना त्यात हसण्यासारखं काही ऐकूच आलं नव्हतं, त्या मागं वळून वळून बघत होत्या. त्यांच्यात एकच जण हसली. ती मुलगी. तिला शाळेत ण आणि न येत होता.

आईनं ते पाहिलं. मी तिच्यापासून चार पावलांवर उभी होते, सुपरवायझरणीच्या वेशात. तिनं माझ्याकडं वळून बघितलं. रागानं नाही, नुसतं विचारल्यासारखं, बरोबर हाय ना, असं. मी खाली बघितलं. तेवढ्यावरून तिला कळलं.

उरलेलं नाटक तिनं हातांनी केलं. एक शब्द बोलली नाही. तिची वाक्यं आली की नुसते हातवारे, आणि आम्ही बाकीच्या कसंबसं सांभाळून घेत होतो. लोकांना वाटलं, नाटकच तसं आहे, वा वा! पडदा पडल्यावर दिग्दर्शक मला म्हणाले, "शेवटाला काय कल्पना काढलीत तुम्ही! आधी बोलला नाहीत ते." मी त्यांना खरं सांगितलं नाही. तेही माझ्याच खात्यावर.

सकाळी ती कामावर निघण्याआधी मी तिच्या ओट्यापाशी गेले. ती मुलीची वेणी घालत होती. रात्रभर जुळवलेली सगळी छान वाक्यं घशातच राहिली आणि तोंडातून कितीतरी वर्षांनी माझ्या गावचं निघालं, "चुकलं बघ माझं. लई चुकलं. म्या तुला सांगाया पायजे होतं."

तिचे हात क्षणभर थांबले. मला वाटलं, आता शिव्या घालेल. घातल्या असत्या ना, तर मी तिच्या पाया पडले असते.

"तुम्ही आत या," ती म्हणाली. "उन्हात उभ्या राहू नका."

प्रत्येक अक्षर मोजून, सावकाश. मुलगी तिच्याकडं बघत होती, चूक सापडते का म्हणून.

"अगं, मला तुम्ही काय म्हणतेस?"

तिनं वेणीला रिबीन बांधली, गाठ ओढून घट्ट केली. मग म्हणाली, "तुम्हाला हसू आलं म्हणून तुम्ही लिहिलंत. त्यात काय एवढं."

'म्हणून' तिनं बिनचूक म्हटलं. मुलीनं मान हलवली, बरोबर. नंतर दीड वर्ष मी त्या खोलीत राहिले. ती माझ्याशी नेहमी नीटच बोलली.