गणपतीच्या पाठीमागचं चित्र

आमच्याकडे चतुर्थीला गणपतीमागची भिंत दरवर्षी नव्याने रंगवतात. गेल्या वर्षीचे मोर पुसायचे, नवे मोर काढायचे. मोर कंटाळून स्वतःच उडून जातील इतकी वर्षं हे चाललंय.

चित्रकलेची पदवी घेऊन मी मालवणला परतले तेव्हा बाबांनी एकच प्रश्न विचारला, "गो चेडवा, चित्रांनी प्वाट भरता काय?" मुंबईच्या मामाने लग्नपत्रिका सजवायची नोकरी शोधूनच ठेवली होती. बाबा म्हणाले, "चतुर्थीपर्यंत काय ता कर, मगे गपचूप मामाकडे जा." लग्नपत्रिका! जन्मभर दुसऱ्यांच्या लग्नात कलश काढत बसायचं!

तेवढ्यात आतेने तिच्या घरच्या गणपतीमागची भिंत मला दिली. मी अशी काही पेटले की समुद्राला निळा कमी पडेल एवढा रंग वापरला. भिंतीवर जुनी साडी बांधून पडदा केला आणि जाहीर केलं, अर्धवट चित्र कोणी बघायचं नाही. आतेला साडीच्या खालून नुसते माझे पाय दिसायचे. ती चहा पायांजवळ ठेवून जायची.

शेवटचा हात फिरवते तोच ढोल वाजले, गणपती दारात! मूर्ती बसली, मी साडी ओढली आणि चित्र दिसेचना. आतेने यंदा हौसेने मूर्ती मोठी सांगितली होती, आणि मी शहाणीने सगळं चित्र मधोमध काढलं होतं. देवाच्या कानांनी ते पार गिळलं. डावीकडे उरली एक कुर्ली, म्हणजे खेकडा, उजवीकडे मांजराची शेपटी.

"ह्यां काय गो?" आते म्हणाली. "एवढे दिवस शेपटीच काढी होतंस?"

पण मालवणी माणसाला झाकलेलं काही दिसलं की झोप येत नाही. आरतीला आलेले लोक देवापेक्षा देवाच्या पाठीलाच जास्त नमस्कार करू लागले. भजनीबुवा अभंगाच्या मधेच देवावर टांगलेल्या फळांच्या माटवीखालून वाकले आणि एका नारळावर डोकं आपटून वेगळ्याच सुरात बाहेर आले. मसुऱ्याहून रिक्षा भरभरून माणसं आली. खोटं वाटत असेल तर मसुऱ्याला जाऊन विचारा.

विसर्जनाच्या दिवशी थोरल्या काकांनी गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळं घर गरजलं.

"आमच्या चेडवान तुझ्या पाठीमागे काय काढल्यान हा, ता तुका एकट्याकच ठावक!"

"व्हय म्हाराजा!"

"बरा आसात तर तिच्या हाताक हंयच काम मिळांदे, आणि वायट आसात तर तूच पाठ लावन झाकून ठेव, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यात बाबांचा आवाज सगळ्यात मोठा.

मूर्ती उचलली. भिंतीवर आमची अख्खी वाडी समुद्रातून रापणीचं जाळं ओढत होती: आते, काका, बुवा, आणि सगळ्यात पुढे दातओठ खात, दोर धरून, लुंगीतले बाबा.

बाबा जवळ गेले. बराच वेळ बघून म्हणाले, "माझा प्वाट एवढा मोठा आसा?"

"नाय रे," आते म्हणाली, "तिणा लहान करून काढल्यान हा."

मग जो हशा आणि गलका उठला! जो तो भिंतीत स्वतःला शोधत होता. हातांवर तोललेला गणपतीसुद्धा मान वळवून बघत होता, देवाशप्पत. शेजारणीने तिथेच पुढच्या वर्षीची भिंत सांगितली, बुवांनी भजनाच्या मठाची, आणि वालावलच्या एका पाहुण्याने घरासमोरच्या कुंपणाची, तीही उद्यापासून. अहो, दरवर्षी पुसली जाणारी भिंत म्हणजे दरवर्षी नवं काम! अशी पक्की नोकरी मामाच्या सात पिढ्यांनी पाहिली नसेल.

विसर्जनाहून परत येताच बाबांनी मामाला फोन लावला.

"चेडू येवचा नाय. तिका वेळ नाय," ते ऐटीत म्हणाले. मग आवाज जरा खाली आणून, "ता ऱ्हवांदे. तुमचो गणपती केवढो आसता? पयल्यांदा ता सांगा, भिंतीचा मगे बघूया."