सहा वाजता ओटा पुसला

ऐका. मोशी नावाची नगरी होती. तिथं राजा नव्हता, सोसायटीचा चेअरमन होता. त्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एक आई राहत होती, म्हणजे मी. एक मुलगा, सुनील, चाकणला कंपनीत मशीनवर. एक सून, मनीषा, घरी ब्लाउज शिवणारी. आणि चौथा कदम. सुनीलच्याच लाइनवरचा, राहायला दिघीला, पण जेवायला आमच्याकडे!

आमच्या घरातले किस्से माळ्यावरच्या डब्यांसारखे. एक काढायला जावं तर चार डोक्यावर पडतात. गेल्या वर्षी तर अख्खा माळाच खाली आला. निमित्त सुनीलच्या साखरेचं.

डॉक्टर म्हणाले, "काठावर आहे. तीन महिने बघू. आकडा उतरला नाही तर गोळी सुरू."

सुनील हसला. मला हसू आलं नाही. याच्या वडिलांच्या बुटात एकदा लोखंडाचा कीस घुसला होता. पूर्ण शिफ्ट त्यावर उभे राहिले, पत्ता नाही! साखरेनं आधी पायाची जाणीव नेली, मग पाय नेला. मी तेव्हाच ठरवलं, या घरातून एक पाय गेला, तेवढा पुरे.

*

त्याच डॉक्टरांच्या दवाखान्यात तन्वी नावाची पोर संशोधन करत होती. दिवसभराचं खाणं दहा तासांत उरकायचं, बाकी चौदा तास नुसतं पाणी. त्यानं साखरेचं, रक्तदाबाचं, झोपेचं काय होतं ते बघायचं.

सोबत आलेल्या कदमनं लगेच विचारलं, "मॅडम, यानं आयुष्य वाढतं म्हणे?"

"प्रयोगशाळेतल्या उंदरांचं वाढलेलं दिसलंय. माणसांचं अजून ठरायचंय."

"मग मी उंदीर होईपर्यंत वडापाव खातो!"

मी म्हटलं, माझंही नाव घाल. सत्तर वर्षं उपास केलेत मी. तन्वी म्हणाली, "आजी, तुम्ही साखरेच्या गोळ्या घेता. गोळी पोटात आणि पोट रिकामं, तर चक्कर येऊन पडाल. डॉक्टरांना विचारल्याशिवाय असं काही करायचं नाही."

बरं. मी नाही तर नाही. पण राखण तर करता येते की नाही?

*

तन्वीनं सुनील आणि मनीषा दोघांची नावं घेतली. कोणाला कुठं घालायचं ते कॉम्प्युटर ठरवणार. त्यानं सुनीलला दहा तासांत बसवलं आणि मनीषाला सांगितलं, तुम्ही नेहमीसारखं खात राहा.

मनीषा रुसली. "मला काहीच नाही?"

तिला मी समजावलं. शाळेचं तोंड बघितलं नसलं तरी शेत केलंय मी. नवं बियाणं आणलं की दोन ओळी जुन्या बाजरीच्या ठेवायचो. नाहीतर नवं चांगलं की पाऊस चांगला, कळणार कसं? तू जुनी बाजरी!

तन्वी माझ्याकडं बघतच राहिली. म्हणाली, "आजी, हे मला शिकायला दोन वर्षं लागली."

*

नियम असा, की तोंडात घालायच्या आधी मोबाइलवर फोटो काढून पाठवायचा. वेळ आपोआप उमटते.

तीन आठवड्यांनी तन्वी घरी आली, कपाळाला आठ्या. "मनीषाताई, तुम्ही नेहमीसारखं खायचं होतं. तुमचाही सहानंतर एकही फोटो नाही!"

मनीषा म्हणाली, "अहो मॅडम, हे समोर कोरडे बसणार आणि मी त्यांच्यासमोर भाकरी मोडणार? घास उतरेल का?"

तन्वीनं वही मिटली. "म्हणजे आमची जुनी बाजरी गेली."

जाताना दारात थांबून म्हणाली, "पुढच्या वेळी नवरा-बायको एकाच बाजूला, घराला एकच चिठ्ठी काढा, म्हणून सांगते आमच्या सरांना."

*

शिफ्टचा घोळ वेगळाच. पहिल्या शिफ्टला आठ ते सहा ठीक. दुसरी आली की सुनील म्हणे, "मॅडम, माझी सकाळच अकराला होते."

तन्वी खरं बोलणारी. म्हणाली, "आजवर बहुतेक रात्री झोपणाऱ्या लोकांवरच बघितलंय. शिफ्टवाल्यांचं फारसं कोणी विचारलं नव्हतं, आता विचारायला लागलेत. म्हणून तर तुम्ही हवे आहात."

मग अकरा ते नऊ धरले. रात्रीचं ताट कंपनीच्या कॅन्टीनमध्येच उरकायचं. पहिली शिफ्ट आली की मी सहाला ओटा पुसायची आणि स्वयंपाकघराचा दिवा मालवायची. मनीषाला ब्लाउजची कात्री हवी असली तरी आधी मला विचारायचं!

*

एक दिवस साडेसहाला सुनील आला तो लसणाच्या चटणीचा वास घेऊन.

"खाल्लंस?"

"नाही गं आई."

मनीषानं त्याचा मोबाइल उघडला. पोरगा आईशी खोटं बोलला, पण संशोधनाशी नाही! सहा वाजून दहा मिनिटं, अर्धा वडापाव, मागं कदमचे सगळे दात.

मी कदमला फोन लावला. "सहानंतर माझ्या पोराला खाऊ घातलंस, तर दिवाळीला दारात उभा करणार नाही."

"काकू, असं काय करता? मग चकलीचं काय?"

"चकली सहाच्या आत!"

*

भोसरीला एक हळद होती. जेवायला नऊ वाजणार हे मला ठाऊक. पावणेसहाला हॉलच्या पार्किंगमध्ये गाडीच्या सीटवर डबा उघडला आणि सुनीलला जेवायला घातलं. नेमका नवरीचा बाप तिथं आला.

"आमचं अन्न चालत नाही का तुम्हाला?"

"चालतं की! उद्या सकाळी आठनंतर पाठवा, फोटो काढून खाईल."

सकाळी आठला बेल वाजली. दारात तो स्वतः उभा, हातात पाच पुडांचा डबा. म्हणाला, "आठ वाजून एक मिनिट झालंय. काढा फोटो!"

*

दोन महिन्यांत सुनीलच्या पट्ट्याला दोन नवी भोकं पाडावी लागली. मी तन्वीला म्हटलं, "गुण आला बघ."

"आजी, कमी खाल्ल्यानं आला की वेळेवर खाल्ल्यानं, तेच अजून नक्की नाही. आणि एका माणसावरून काही सिद्ध होत नाही."

"बाई, मला एकच मुलगा आहे."

 त्यावर ती चहा प्यायली, सहाच्या आत.

*

तीन महिने भरले त्याच आठवड्यात कंपनीची वर्षाची मेडिकल आली. मी घरी देवापुढं बसून. हे पुढचं कदमनं सांगितलेलं, तो सुनीलच्या मागंच रांगेत होता.

कंपनीच्या डॉक्टरांनी मागच्या वर्षीचा कागद बघितला, यंदाचा बघितला. म्हणाले, "कोणाच्या तरी रक्ताशी अदलाबदल झालीय. परत द्या."

सुनीलनं परत दंड पुढं केला. दोन दिवसांनी पुन्हा बोलावलं. कदम मशीन सोडून सोबत गेला! आकडा तोच. काठावर नाही, चांगला खाली, निरोगी माणसाचा.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "कोणती गोळी चालू आहे?"

सुनील म्हणाला, "गोळी नाही सर. आई आहे."