पहिल्या पायांचं पाणी

कपिलधारच्या यात्रेला पायी जाईन, वाटेत गाडीत बसणार नाही, असा शब्द मी देवाला दिला होता. बायकोच्या पोटात गाठ निघाली होती. परभणीच्या दवाखान्यात तपासणीचा कागद आला, गाठ साधी निघाली, आणि मी तिथल्या बाकड्यावरच रडलो. कार्तिकात आमच्या पालमहून निघणाऱ्या दिंडीत नाव दिलं. मग आठ दिवस माझ्या कापडदुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला नवस ऐकवला. मागच्या साली वाटेत जीपमध्ये बसलेल्या शेजाऱ्याला तर चारचौघांत टोचून बोललो. तोंडानं मी लय शूर.

पहिल्याच दिवशी, गंगाखेडच्या अलीकडे टाचेला फोड आले आणि मी मागे पडलो. लिंबाखाली बसलो होतो, मागून एसटी आली. हात आपोआप वर गेला असं म्हणणार होतो, पण खोटं कशाला बोलू? कळून सवरून केला. पुढे खिडकीतून दिंडी दिसली तसं उपरणं तोंडावर ओढलं. मुक्कामाच्या गावाआधी उतरलो आणि सकाळपासून चालत असल्यासारखा लंगडत निघालो.

गावाच्या तोंडाशी एक म्हातारी दारात परात घेऊन बसली होती. दिंडीतला पहिला माणूस आला म्हणून तिला कोण आनंद झाला. तिनं मला पाटावर बसवलं, फोडाला धक्का न लावता पाय धुतले आणि ते पाणी वाटीत काढून घेतलं. कशाला, म्हणून विचारलं.

"मालकाला लावते, अप्पा. साल झालं, अंथरुणाला हायेत. पयल्यानं चालत येतंय त्याच्या पायाचं पानी."

आत खाटेवर म्हातारे पडून होते. माझ्याकडे बघून त्यांनी एक हात कपाळाला नेला, दुसरा हलत नव्हता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ते लावू नका, बाई. मी एसटीनं आलोय."

तिनं वाटी बेलाच्या बुडाशी रिकामी केली. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, "मग जावा माघारी. जिथं गाडीत बसलाव तिथून चालत या. मी हितंच हाय."

मी उलटा चालायला लागलो. वाटेत दिंडी भेटली, काय विसरलं म्हणून सगळे विचारू लागले. सगळ्यांदेखत खरं सांगितलं. तो जीपवाला शेजारी यंदा दिंडीत चालत होता, त्यानं आपली पाण्याची बाटली तेवढी माझ्या हातात दिली. त्या लिंबापर्यंत मान वर करायची हिंमत झाली नाही.

परत पोचलो तेव्हा दिवे लागले होते. दिंडीतल्या सगळ्यांचे पाय तिनं धुतले होते, पण वाटी पालथीच होती. मी तर शेवटचा आलो, असं मी म्हणालो. "चालून आलाव न्हवं," म्हणत तिनं परात पुढे ओढली. फोड फुटले होते, पाणी लालसर झालं. तेच ती आत घेऊन गेली.

म्हातारे उठून बसले नाहीत, चमत्काराचं मी काही सांगणार नाही. कपिलधार झालं, घरी आलो. बायको पाया पडायला वाकली तसे मी पाय मागे घेतले आणि तिला सगळं सांगून टाकलं. अजूनही कुणी माझ्या पायी जाण्याचं कौतुक केलं की मान खाली जाते. ती म्हातारी दारात बसून राहिली नसती तर मी पुढेही मिरवतच गेलो असतो. शब्द मी दिला होता, पाळून घेतला देवानं.