ओंजळ धर

“हे आमचं. तुमचं पाणी बाहेर,” असं म्हणून त्या गोऱ्या शिपायानं माझ्या हातातला गिलास काढून घेतला आन् कचऱ्यात टाकला. धुतला न्हाई. टाकला.

अफगाणिस्तानातला परदेशी फौजेचा तळ. मी नांदेड जिल्ह्यातल्या उमरीचा. ठेकेदाराच्या माणसांसोबत तिथं फौजेच्या वर्द्या धुवायला गेलेला. आत थंड पाण्याची मशीन, बाहेर उन्हात तापलेली टाकी. आम्ही बौद्ध. माझ्या मायला लहानपणी हॉटेलवाला बाहेर उभं करून वरून पाणी वतायचा, हे ऐकतच मी मोठा झालो.

टाळकंच सटकलं. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्या भारतीय गड्यांनी काम बंद केलं. सगळ्यात पुढं मी. “पाणी आत मिळंल तरच कपडे धुणार,” म्हनलं. मळक्या वर्द्यांचा ढीग लागला, आन् मशीन आम्हाला खुली झाली. काय छाती फुगली होती माझी!

फक्त आम्हाला खुली झाली. माझ्यासोबत कपडे पिळून हात सोललेला नजीब तिथलाच, पण तो बाहेरच. त्याच्याच देशात. ठेकेदाराच्या साहेबानं बजावलं, “लोकल माणसानं मशीनला हात लावला तर तुमचंही बंद.”

एका दुपारी नजीब दारात आला. ओठ सुकलेले. मी आतून बाटली भरून आणली. बाटली त्याच्या हातात देता आली असती. मी म्हनलं, “ओंजळ धर.” आन् वरून वतलं. वीतभर अंतर ठेवून, थेंब न सांडता. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. हाताला आपसूक येत होतं. तो प्याला, आन् वर “शुक्रिया भाई” म्हनला.

मग फौज निघाली. विमानं भरून राहिली होती. नजीब फाटकाच्या जाळीपलीकडं बायकालेकरांसोबत उभा. फौजेचं काम केलेल्यांना मागं राहिलं तर जिवाची भीती होती. तो आमच्यात कामाला होता, एवढा एक कागद त्याला विमानात जागा मिळायला पाहिजे होता. “भाई, इतना लिख दे बस. तू तो जानता है.” हजेरी मीच लिहायचो. साहेब म्हनला, “त्याच्या नादी लागलास तर तूही मागं राहशील.”

मी मान खाली घातली आन् विमानात जाऊन बसलो.

माय भेटंल त्याला सांगायची, लेक फौजेत होता. परवा तिला सगळं सांगितलं. तिनं हातातला तांब्या खाली ठेवला.

“वरून वतलंस?”

“हाव.”

“हात लागू न देता?”

“हाव, माय.”

“मंग त्या हॉटेलवाल्यात आन् तुझ्यात काय फरक राहिला रं?”

लाज वाटली. अजून वाटून राहिली. लगेच तो कागद लिहायला बसलो, तर नजीबच्या बापाचं नाव आठवंना. आठवंल कसं? मी कधी विचारलंच नव्हतं. हजेरीतही नुसतं ‘नजीब’ लिहायचो. तो जिता हाय का मेला, ते ठाऊक न्हाई.

उद्या मुक्तिसंग्राम दिन. शाळेत माझा सत्कार ठेवलाय, ‘आपला फौजी’ म्हणून. जाणार. शाल घेणार न्हाई, माईक घेणार. मी फौजी न्हाई, वर्द्या धुवायचो, हे सांगणार. तहानलेल्या माणसाला वरून पाणी पाजलं आन् त्याला जाळीपलीकडं सोडून आलो, हेही सांगणार. गावाची अब्रू घालवली म्हणतील. म्हणू द्या.

माझ्या मायला ज्यांनी वरून पाणी पाजलं, त्यांच्यातल्या एकानंही कधी कबूल केलं न्हाई. मी करणार. लेकरांसमोर, मायसमोर, माझ्या नावानिशी.